अप्राचलीय कसोट्यांचा वापर आणि त्यामागील विचार : महाविद्यालयीन संशोधनाची एक चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयीन अध्यापकांच्या संशोधनाला गेल्या दोन दशकांत जी गती आली, तिची कारणे सर्वज्ञात आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शोधनिबंधांना गुण दिले, त्यांची सांगड पदोन्नतीशी घातली आणि वाणिज्य, शिक्षणशास्त्र, गृहविज्ञान, भूगोल, ग्रंथालयशास्त्र अशा सर्वच शाखांतील अध्यापक प्रश्नावली घेऊन क्षेत्रात उतरले. या संशोधनाची चर्चा विषयाच्या अंगाने पुष्कळ झाली. त्यातील आकडेवारी कशी हाताळली जाते, हा प्रश्न मात्र संख्याशास्त्राच्या अध्यापकांवर सोपवून इतर शाखा मोकळ्या झाल्या.

या निबंधांत 'संख्याशास्त्रीय साधने' या शीर्षकाखाली बहुधा एकच ओळ आढळते : मध्यमान, प्रमाण विचलन व टी-कसोटी. अलीकडे तिच्या जोडीला दुसरी एक ओळ रूढ होत आहे : 'नमुना लहान असल्याने अप्राचलीय कसोटीचा वापर केला.' पहिल्या ओळीवर टीका करणे सोपे आहे आणि ती अनेकांनी केली आहे. प्रस्तुत लेखाचा रोख दुसऱ्या ओळीवर आहे. अप्राचलीय कसोटी वापरली म्हणजे गृहीतकांच्या जाचातून सुटका झाली, असा जो समज पसरला आहे, तो टी-कसोटीच्या अंध वापराइतकाच घातक आहे. या कसोट्या संशोधकाला फक्त एका गृहीतकातून मोकळे करतात, ते म्हणजे वितरणाच्या विशिष्ट आकाराचे. बाकीची गृहीतके जशीच्या तशी राहतात. शिवाय या मोकळिकीच्या बदल्यात विचारलेला प्रश्नच बदलतो, आणि तो कसा बदलला याची नोंद बहुतेक निबंधांत नसते.

विवेचनासाठी पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी हा पट्टा घेतला आहे. तलासरी तालुक्यातील उधव्यासारख्या गावात काम करणाऱ्या संशोधकापुढे ज्या अडचणी येतात, त्यांत या विषयाचे जवळजवळ सर्व पैलू एकवटलेले आहेत : विखुरलेले पाडे, लहान नमुने, प्रश्नावलीची भाषा आणि उत्तरदात्याची बोली यांतील अंतर, आणि सरासरीला न जुमानणारी विषमता.

आठ तालुक्यांची सरासरी

प्रथम विषमतेचा विचार करू. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या अशी : वसई १३,४३,४०२, पालघर ५,५०,१६६, डहाणू ४,०२,०९५, वाडा १,७८,३७०, तलासरी १,५४,८१८, जव्हार १,४०,१८७, विक्रमगड १,३७,६२५ आणि मोखाडा ८३,४५३. बेरीज २९,९०,११६. तालुक्यामागे मध्यमान सुमारे ३ लाख ७४ हजार येते. क्रमाने मांडल्यास मधोमध येणारे मूल्य, म्हणजे मध्यक, १,६६,५९४ येतो. दोन्ही आकडे अचूक आहेत आणि एक दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक आहे. आठांपैकी पाच तालुके मध्यमानाच्या निम्म्यापर्यंतही पोहोचत नाहीत. वसईची लोकसंख्या उद्या दुप्पट झाली, तरी मध्यकाला धक्का लागणार नाही. मध्यमान मात्र साडेपाच लाखांच्या आसपास जाईल आणि तलासरीत एकही माणूस वाढलेला नसताना 'जिल्ह्यातील सरासरी तालुका' मोठा होईल. जिल्हा पातळीवरील दरडोई आकड्यांवर विसंबून आदिवासी तालुक्यांविषयी जे लिहिले जाते, त्याचा पाया किती डळमळीत असू शकतो, हे यावरून लक्षात यावे.

आता याच तालुक्यांत लोकसंख्या आणि अनुसूचित जमातींचे प्रमाण यांचा संबंध पाहू. त्याच जनगणनेनुसार मोखाडा, विक्रमगड, जव्हार व तलासरी या चारही तालुक्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. त्यानंतर डहाणू, वाडा, पालघर व शेवटी वसई असा क्रम लागतो. पहिल्या चार तालुक्यांतील एक-दोन टक्क्यांचा फरक क्रम लावण्याजोगा नाही असे मानले, तर चौघांना समान क्रममूल्य द्यावे लागते : एक, दोन, तीन, चार यांची सरासरी, म्हणजे प्रत्येकी २.५. स्पिअरमनचा क्रमसहसंबंध गुणक काढताना आपल्याकडील पाठ्यपुस्तकांतून पाठ झालेले सूत्र, म्हणजे क्रमांच्या फरकांच्या वर्गांची बेरीज सहाने गुणून भागाकार एकातून वजा करणे, वापरले तर उत्तर उणे ०.८० येते. वर्गांची बेरीज येथे १५१ आहे; वाचकांनी स्वतः पडताळून पाहावे. परंतु ते सूत्र समान क्रममूल्ये नसतील तरच खरे असते. समान क्रममूल्यांचा योग्य हिशेब करून, म्हणजे क्रममूल्यांवरच पिअरसनचा गुणक काढून, उत्तर उणे ०.९१ मिळते. उणे ०.८० आणि उणे ०.९१ यांतील अंतर किरकोळ नव्हे. पाच-बिंदू मापनश्रेणीवर शंभर उत्तरदात्यांची उत्तरे घेतली, तर समान क्रममूल्यांची संख्या याहून किती तरी पटींनी वाढते. तेथेही तेच सूत्र निर्धास्तपणे वापरले जाते.

चार तालुक्यांना समान मानणे हा निर्णय प्रस्तुत लेखकाचा आहे. टक्केवारीतील बारीक फरकांनाही क्रम दिला, तर गुणक आणखी टोकाला जाईल. असा निर्णय प्रत्येक संशोधकाला घ्यावाच लागतो. तो निबंधात नमूद होत नाही, ही तक्रार आहे. आणखी एक गोष्ट. हे आठ तालुके म्हणजे जिल्ह्यातील सर्वच तालुके आहेत, कोणत्याही मोठ्या समष्टीतून यादृच्छिक रीतीने निवडलेला नमुना नव्हे. त्यामुळे या गुणकापुढे '०.०१ पातळीवर सार्थक' असे लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही. तरीही जनगणनेच्या संपूर्ण आकडेवारीवर सार्थकता-चाचण्या केलेले निबंध भूगोल आणि अर्थशास्त्र या विषयांत वाचावयास मिळतात.

मोजमाप कशाचे?

स्टॅनली स्टीव्हन्स यांनी १९४६ मध्ये मापनश्रेणींचे नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक व गुणोत्तरदर्शक असे चार प्रकार मांडले, आणि सिडनी सीगल यांच्या १९५६ च्या ग्रंथाने त्या वर्गीकरणाला अप्राचलीय कसोट्यांची जोड देऊन ते सामाजिक शास्त्रांच्या हाती दिले. आपल्याकडील संशोधनपद्धतीच्या पुस्तकांतील या विषयावरील प्रकरणांवर सीगलची छाप स्पष्ट दिसते. क्रमदर्शक श्रेणी असल्यास अप्राचलीय कसोटी, अंतरदर्शक असल्यास प्राचलीय, हा नियम तेथूनच रुजला.

नियम उपयुक्त आहे, पण तो यांत्रिकपणे लावता येत नाही. अंगणवाडीतील बालकांच्या वजनाचे उदाहरण घ्यावे. पूर्वी बालकांची वर्गवारी सर्वसाधारण आणि श्रेणी एक ते चार अशी केली जात असे. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वृद्धिमानके भारतात २००८ पासून लागू झाल्यावर सर्वसाधारण, मध्यम कमी वजन व तीव्र कमी वजन अशी त्रिस्तरीय विभागणी आली. या श्रेणींना अंक देऊन त्यांचे मध्यमान काढणे हा निव्वळ हिशेबी खेळ आहे. सर्वसाधारण गटातून श्रेणी एकमध्ये घसरणे आणि श्रेणी तीनमधून श्रेणी चारमध्ये घसरणे या दोन घटना अंकगणितात समान आहेत. बालकाच्या जिवाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. येथे क्रमाधिष्ठित कसोटी निश्चितच अधिक प्रामाणिक ठरते. पण त्याहून प्रामाणिक मार्ग असा की, बालकाचे प्रत्यक्ष वजन किलोग्रॅममध्ये नोंदलेले असताना ते श्रेणीत रूपांतरित करून माहिती गमवावीच कशाला? गुणोत्तरदर्शक माहिती हाताशी असताना ती तीन कप्प्यांत कोंबायची, मग श्रेणी क्रमदर्शक आहे म्हणून अप्राचलीय कसोटी लावायची आणि पद्धतशास्त्रीय काटेकोरपणाचे श्रेय घ्यायचे, हा उलटा प्रवास आहे.

पोषणाच्या संदर्भात महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याची सीमा आखताना दरडोई दररोज २,२५० उष्मांकांचा सरासरी निकष धरला. पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा होता की, व्यक्तिव्यक्तींतच नव्हे, तर एकाच व्यक्तीच्या दिवसागणिक गरजेतही चढउतार असतो. म्हणून मध्यमानाखालील प्रत्येकाला कुपोषित म्हणता येणार नाही, मध्यमानातून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करून सीमा ठरवावी. देशात किती माणसे उपाशी आहेत, हा प्रश्न मध्यमानाकडे पाहायचे की विचरणाकडे, यावर येऊन ठेपला. सुखात्म्यांचा निकषही शेवटी एका विशिष्ट आकाराच्या वितरणाला धरून होता, हे येथे लक्षात ठेवावे. त्या वादातील कोणती बाजू बरोबर, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. आपल्या महाविद्यालयांतील गृहविज्ञानाच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांत तो वाद 'दारिद्र्यरेषा' या मथळ्याखाली शिकवला जातो आणि त्याचा संख्याशास्त्रीय गाभा वगळला जातो, एवढेच नोंदवावेसे वाटते.

मनोवृत्तिमापनातील अडचण वेगळी आहे. 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' ही पाच पदांची श्रेणी वारली बोलणाऱ्या स्त्रीपुढे ठेवली जाते, तेव्हा ती प्रश्नावली स्वतः भरत नाही. अन्वेषक प्रश्न बोलीत समजावून सांगतो, तिचे दोन-चार वाक्यांचे उत्तर ऐकतो, आणि ते 'सहमत' की 'पूर्णतः सहमत' हे स्वतःच ठरवून खूण करतो. मग मध्यमान ३.४७ येते. येथे टी-कसोटीऐवजी मान-व्हिटनी कसोटी वापरल्याने नेमके काय साधते? अंकांमधील अंतरे समान नसण्याचा दोष टळतो. खूण कोणाची, हा दोष कोणत्याही कसोटीने टळत नाही. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९५३ मध्ये फुटबॉल खेळाडूंच्या पाठीवरील क्रमांकांवर एक उपहासात्मक टिपण लिहून दाखवून दिले होते की, अंकांना आपण कोठून आलो हे ठाऊक नसते. तो उपहास स्टीव्हन्सच्या कर्मठ अनुयायांवर होता. तथापि आपल्याला तो दोन्ही बाजूंनी लागू पडतो. वीस-पंचवीस विधानांच्या बेरजेवर टी-कसोटी लावणे पुष्कळदा क्षम्य असते. एकाच विधानावर लावणे क्षम्य नसते. हा भेद करण्यासाठी मापनश्रेणीचे नाव पुरत नाही, साधन कसे वापरले गेले हे पाहावे लागते.

पुण्याची परंपरा

ही चर्चा परकीय ग्रंथांच्या आधारेच करावी लागते, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये वि. शं. हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली संख्याशास्त्राचा विभाग सुरू झाला, आणि त्या विभागाशी निगडित संशोधकांनी अप्राचलीय संख्याशास्त्रात मूलभूत भर घातली. वसंत भापकर यांनी १९६१ मध्ये दोनपेक्षा अधिक नमुन्यांच्या तुलनेसाठी एक कसोटी मांडली. तिची कल्पना इतकी सोपी आहे की, कोणत्याही शाखेच्या अध्यापकाला ती फळ्यावर समजावून देता येईल. प्रत्येक नमुन्यातून एकेक निरीक्षण घेऊन जुळण्या कराव्यात. कोणत्या नमुन्याचे निरीक्षण किती जुळण्यांत सर्वांत लहान ठरते ते मोजावे. नमुने सारखेच असतील, तर हा मान सर्वांना जवळजवळ समान मिळायला हवा. जयंत देशपांडे यांनी १९६५ मध्ये लहानाबरोबर सर्वांत मोठ्या निरीक्षणाचाही विचार करणारी कसोटी दिली. बी. व्ही. सुखात्मे यांची १९५७ मधील कसोटी मध्यवर्ती मूल्याऐवजी विचरणाची तुलना करते. 'सुखात्मे कसोटी' या नावाने ती आंतरराष्ट्रीय ग्रंथांत आढळते. देशपांडे, अनिल गोरे आणि शानुभोग यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला 'स्टॅटिस्टिकल अ‍ॅनालिसिस ऑफ नॉननॉर्मल डेटा' हा ग्रंथ तर नावातच या लेखाचा विषय घेऊन येतो.

असे असूनही राज्यातील बिगर-संख्याशास्त्रीय संशोधनात या नावांचा मागमूस नाही. भापकर कसोटी वापरलेला शिक्षणशास्त्राचा प्रबंध शोधण्याच्या खटाटोपात न पडलेलेच बरे. याचे कारण बौद्धिक नाही, ते संगणकाच्या पडद्यावर आहे. एक्सेलच्या विश्लेषण-साधनांत टी-कसोटी तयार मिळते, मान-व्हिटनी मिळत नाही; एसपीएसएसमध्ये मान-व्हिटनी मिळते, म्हणून ती आली. आर ही प्रणाली विनामूल्य असूनही महाविद्यालयांत ती रुजलेली नाही. म्हणजे कसोटीची निवड बहुधा संशोधनप्रश्नाने होत नाही, ती यादीने होते.

लहान नमुन्याचे मिथक

'नमुना लहान, म्हणून अप्राचलीय' या विधानात अर्धे सत्य आहे. लहान नमुन्यात वितरणाचा आकार पडताळता येत नाही, म्हणून आकाराचे गृहीतक टाळणे शहाणपणाचे, हे खरे. पण नमुना फारच लहान असेल, तर अप्राचलीय कसोटी काहीही सिद्ध करूच शकत नाही, ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. दोन गटांत प्रत्येकी तीन निरीक्षणे असतील, तर सहा क्रममूल्ये दोन गटांत वाटण्याचे एकूण २० मार्ग आहेत. एका गटातील तिघेही दुसऱ्या गटातील तिघांपेक्षा सरस ठरले, याहून टोकाचा निकाल संभवत नाही, तरीही द्विपुच्छ संभाव्यता २/२०, म्हणजे ०.१० एवढी राहते. ०.०५ ही पातळी गाठणे गणिती दृष्ट्याच अशक्य. गटात चार-चार निरीक्षणे असल्यास टोकाच्या निकालाची संभाव्यता २/७०, म्हणजे ०.०२९ होते आणि मग कोठे दार किलकिले होते.

चिन्ह कसोटीची हीच गत. समजा, उधवा परिसरातील एका पाड्यावर परसबागेच्या योजनेत पाच कुटुंबे सहभागी झाली आणि पाचही कुटुंबांच्या आहारात भाजीचे प्रमाण वाढले. पाचपैकी पाच. द्विपुच्छ संभाव्यता २/३२, म्हणजे ०.०६२५. संशोधक ठोकळ नियमाने लिहितो : 'शून्य परिकल्पनेचा स्वीकार, योजनेचा आहारावर सार्थक परिणाम आढळला नाही.' एकपुच्छ परिकल्पना आराखड्यातच लिहून ठेवली असती, तर ०.०३१ आले असते. आकडे पाहिल्यावर पुच्छ बदलणे मात्र अप्रामाणिक. पाच कुटुंबांनी जे करून दाखवले, त्याहून अधिक ते करूच शकत नव्हते, आणि तरी कागदावर योजना निष्फळ ठरली. असा अहवाल निधी देणाऱ्या कार्यालयात गेला, तर त्याचे परिणाम पाड्यावर भोगावे लागतात. 'सार्थक फरक आढळला नाही' आणि 'फरक नाही' ही दोन विधाने एक नव्हेत, हे पदव्युत्तर वर्गात शिकवले जाते. निष्कर्षाच्या प्रकरणात त्याचा विसर पडतो.

याच्या उलट, अप्राचलीय कसोट्या 'दुर्बल' असतात म्हणून शक्यतो टाळाव्यात, असाही एक पवित्रा मार्गदर्शकांकडून घेतला जातो. तोही निराधार आहे. वितरण तंतोतंत प्रसामान्य असतानाही विल्कॉक्सनच्या कसोटीची टी-कसोटीच्या तुलनेत कार्यक्षमता, मोठ्या नमुन्यांच्या संदर्भात, सुमारे ९५.५ टक्के असते. हॉजेस आणि लेमन यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले की, वितरणाचा आकार कोणताही असो, ती ८६.४ टक्क्यांच्या खाली जात नाही. लांब शेपटीच्या वितरणात ती शंभराच्या पुष्कळ पुढे जाते. दुर्बल म्हणावयाची तर चिन्ह कसोटी, जिची कार्यक्षमता प्रसामान्य वितरणात ६४ टक्क्यांच्या आसपास आहे. सर्व अप्राचलीय कसोट्यांना एकाच मापाने मोजणे योग्य नाही.

काय-वर्गाची टक्केवारी

काय-वर्ग कसोटीसंबंधी थोडक्यात लिहितो, कारण तिच्यातील चूक जुनी आणि ठळक आहे. वीस उत्तरदात्यांपैकी १२ जणांनी 'होय' व ८ जणांनी 'नाही' म्हटले, तर समान विभागणीच्या परिकल्पनेवर काय-वर्गाचे मूल्य ०.८ येते, सारणीतील ३.८४ या सीमेच्या ते खूप खाली आहे. हीच उत्तरे ६० टक्के व ४० टक्के अशी लिहून टक्केवारीवरच गणित केले, तर मूल्य ४.० येते आणि निकाल 'सार्थक' होतो. वीस माणसे शंभर झाली. कार्ल पिअरसन यांनी १९०० मध्ये दिलेली ही कसोटी वारंवारतांवर चालते, टक्केवारीवर नव्हे. शोधनिबंधातील सारणीत केवळ टक्केवारी छापली असेल, तर परीक्षकाने मूळ वारंवारता मागितल्याच पाहिजेत. एकाच व्यक्तीने अनेक पर्याय निवडलेले असताना त्या सर्व खुणांची बेरीज करून काढलेला काय-वर्गही तितकाच अग्राह्य आहे.

वितरणमुक्त, पण बंधमुक्त नव्हे

या लेखातील मुख्य आक्षेप येथे येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात भूकंपाच्या लहान-मोठ्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीचे नाव त्यानिमित्ताने राज्यभर गेले आणि लोकांनी कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. भूगोलाच्या किंवा पर्यावरणशास्त्राच्या अध्यापकाला येथे संशोधनविषय न दिसला तरच नवल. समजा, त्याने पावसाळ्यातील व इतर महिन्यांतील धक्क्यांच्या तीव्रतेची तुलना करावयाचे ठरवले. तीव्रतेचे वितरण प्रसामान्य नाही, हे त्याला ठाऊक आहे. गुटेनबर्ग-रिश्टर नियमानुसार तीव्रता एक अंकाने वाढली, की धक्क्यांची संख्या साधारणतः दशांशावर येते. तेव्हा तो टी-कसोटी सोडून मान-व्हिटनी घेतो आणि निश्चिंत होतो.

ही निश्चिंती दोन कारणांनी अस्थानी आहे. पहिले असे की, नोंदलेल्या धक्क्यांची सरासरी तीव्रता ही उपकरणांच्या संवेदनक्षमतेवर अवलंबून असते. परिसरात नवे भूकंपमापक बसवले, की पूर्वी नजरेतून सुटणारे बारीक धक्के नोंदले जातात. मध्यमान घसरते, आणि मध्यकही घसरतो. भूगर्भात काहीही बदललेले नसताना क्रमाधिष्ठित कसोटी 'सार्थक फरक' दाखवते. सर्व काळात खात्रीने नोंदली गेलेली किमान तीव्रता निश्चित करून तिच्याखालील नोंदी वगळणे, हाच यावरील उपाय. तो संख्याशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, भूकंपशास्त्राकडून घ्यावा लागतो. तेथे योग्य ते प्राचलीय प्रतिमानही उपलब्ध आहे. वितरण प्रसामान्य नाही म्हणजे ते अज्ञातच आहे, असे नव्हे.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. धक्के झुंडीने येतात. एक दुसऱ्याला जन्म देतो. ती स्वतंत्र निरीक्षणे नव्हेत. मान-व्हिटनी, क्रुस्कल-वॅलिस, काय-वर्ग या सर्व कसोट्यांचा पाया निरीक्षणांचे स्वातंत्र्य हाच आहे. एका झुंडीतील दोनशे धक्के म्हणजे दोनशे साक्षी नव्हेत, फार तर एकच साक्ष दोनशे वेळा नोंदलेली. पर्जन्यमानातील कल शोधण्यासाठी सध्या लोकप्रिय असलेल्या मान-केंडॉल कसोटीलाही हे लागू आहे : लागोपाठच्या वर्षांत स्वसहसंबंध असल्यास नसलेला कल दिसू लागतो. १९९८ मध्ये हमीद आणि राव यांनी त्यावर दुरुस्ती सुचवली. तिचा उल्लेख भूगोलाच्या मोजक्याच निबंधांत सापडतो.

भूकंपाचे उदाहरण दूरचे वाटत असेल, तर आश्रमशाळेचे घ्यावे. एका आश्रमशाळेतील तीस मुली आणि दुसरीतील तीस मुली यांच्या वाचनक्षमतेची तुलना करून 'अध्यापनपद्धतीचा परिणाम' सिद्ध केला जातो. त्या तीस मुली एकाच वसतिगृहात राहतात, एकच भोजन घेतात, एकाच शिक्षकाकडे शिकतात. शिक्षक तीन महिने रजेवर गेले, तर तिसांचेही नुकसान एकदम होते. पद्धतीच्या दृष्टीने येथे नमुना साठांचा नाही, दोनचा आहे, आणि दोन शाळांच्या तुलनेतून कोणतीही कसोटी पद्धतीविषयी काही सांगू शकत नाही. शेतीविषयक प्रयोगांत ही जाणीव फार पूर्वीपासून आहे. तेथे एकाच वाफ्यातील रोपे मोजून कोणी त्यांना स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणत नाही. शिक्षणशास्त्रात मात्र मुलामुलींची डोकी मोजली जातात. मग 'आदिवासी विद्यार्थिनींचा आत्मविश्वास तुलनेने कमी' अशा धाटणीचे निष्कर्ष छापले जातात, पुढील निबंधांत उद्धृत होतात, आणि एका शाळेतील एका वर्षाची परिस्थिती एका समाजाचा गुणधर्म होऊन बसते.

चांगल्या वापराची एक जागा आवर्जून सांगावीशी वाटते. गृहविज्ञानात पदार्थांच्या चवीचे परीक्षण करताना तेच परीक्षक सर्व नमुने चाखतात. डहाणू-घोलवडच्या चिकूपासून केलेल्या तीन-चार पदार्थांना दहा परीक्षकांनी क्रम द्यावा आणि त्यावर फ्रीडमन कसोटी लावावी, हे अगदी चपखल आहे. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९३७ मध्ये ती मांडली. प्रत्येक परीक्षकाचा कडकपणा वा सैलपणा ती आपोआप बाजूला ठेवते, कारण क्रम परीक्षकाच्या आतच लावला जातो. येथे आराखडा आणि कसोटी एकमेकांसाठी बनलेली आहेत. परंतु याच माहितीवर पदार्थांना स्वतंत्र गट मानून क्रुस्कल-वॅलिस लावलेली आढळते. दोन्ही अप्राचलीय, एक योग्य, एक अयोग्य. 'अप्राचलीय कसोटी वापरली' एवढ्या विधानातून वाचकाला काहीही कळत नाही ते यामुळेच.

निकालाची मांडणी

मान-व्हिटनी कसोटी दोन गटांच्या मध्यकांची तुलना करते, असे सरसकट लिहिले जाते. दोन्ही वितरणांचा आकार सारखा असेल, तरच ते बरोबर. आकार भिन्न असल्यास मध्यक अगदी समान असूनही निकाल सार्थक येऊ शकतो. विचरण भिन्न असल्याची शंका आली, तर तोच स्वतंत्र संशोधनप्रश्न करावा, आणि सुखात्मे यांच्यासारखी विचरणाची कसोटी त्यासाठीच आहे. अर्थात तिलाही दोन्ही गटांचे मध्यक समान किंवा ज्ञात असावे लागतात. उपचारात्मक अध्यापनाने वर्गाची पातळी सरासरीने वाढली नाही, पण मागे पडलेल्या मुली पुढे सरकून वर्गातील दरी कमी झाली, हा निष्कर्ष आश्रमशाळेच्या शिक्षकाला मध्यकांच्या तुलनेपेक्षा कदाचित अधिक मोलाचा वाटेल.

मान-व्हिटनी कसोटीचे यू-मूल्य वस्तुतः काय मोजते, हे सांगणे अवघड नाही. पहिल्या गटातील प्रत्येकाची जोडी दुसऱ्या गटातील प्रत्येकाशी लावली, तर किती जोड्यांत पहिल्या गटातील व्यक्ती सरस ठरते, त्याची ती मोजणी आहे. गटांत दहा-दहा विद्यार्थिनी असतील, तर जोड्या शंभर. यू-मूल्य ७० आले, तर शंभरपैकी सत्तर जोड्यांत पहिल्या गटातील मुलगी पुढे आहे. हे वाक्य तलासरीतील कोणत्याही पालकाला समजेल. त्याच वेळी द्विपुच्छ संभाव्यता सुमारे ०.१३ येते, म्हणजे एवढ्या लहान नमुन्यावरून हा फरक योगायोगाचा नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. आज बहुतेक निबंधांत यांपैकी फक्त शेवटचा भाग, तोही 'असार्थक' या एका शब्दात, छापला जातो. सारणीत यू-मूल्य, दोन्ही गटांची संख्या, समान क्रममूल्यांची दखल घेतली की नाही, आणि संभाव्यतेचा प्रत्यक्ष आकडा, या चार गोष्टी दिल्या, तर वाचकाला संशोधकाचा निष्कर्ष स्वतः तपासता येईल. संशोधन आराखडा मंजूर करणाऱ्या समितीने त्या चौकटी आराखड्याच्या नमुन्यातच छापून ठेवाव्यात, आणि कसोटीच्या नावापुढे एक रिकामी ओळ सोडावी : निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र आहेत, असे संशोधक कशाच्या आधारे म्हणतो?